आरव्हीतला फ्रिज थंड होत नाहीये? भाग मागवण्याआधी हे बघून घ्या

मे महिना संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. इथे अमेरिकेत मेमोरियल डेच्या सुट्टीला सगळ्यांच्या आरव्ही, म्हणजे चाकांवरची फिरती घरं, बाहेर निघतात आणि शुक्रवारी रात्री कुठल्या तरी कॅम्पग्राउंडवरून कोणीतरी विचारतं, "दादा, फ्रिजचा दिवा हिरवा आहे, पण दूध कोमट लागतंय. काय करू?" मी मेकॅनिक नाही. २०१७ साली एक जुनी, सव्वीस फुटी क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली) गाडी घेतली आणि तिच्या फ्रिजने मला कामाला लावलं, एवढीच माझी पात्रता. ओहायोतल्या आमच्या मित्रमंडळींचे मिळून दहा-बारा फ्रिज आतापर्यंत हाताखालून गेले. त्यात भाग खरोखर बदलावा लागला तो तीनदाच. त्यातला एक माझ्याच मूर्खपणाने गेला, तो किस्सा पुढे येतो.

हे सगळं गॅस आणि वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या अमोनियाच्या फ्रिजबद्दल आहे. गाडीच्या बाहेरच्या बाजूची खालची जाळी काढली, मागे जाड काळ्या नळ्या आणि पत्र्याची एक छोटी पेटी दिसली, की तो हाच. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज येतो. तो घरच्या फ्रिजचा धाकटा भाऊ, त्याची दुखणी वेगळी.

आधी तक्रार नेमकी काय ते ठरवा

"थंड होत नाही" यात सहा-सात वेगळे आजार दडलेले असतात:

- फ्रीजरमध्ये बर्फ दगडासारखा, पण खालच्या कप्प्यात दही आंबतंय.
- विजेवर छान चालतो, गॅसवर नाही. किंवा उलट.
- रात्री बरा असतो, दुपारी ढेपाळतो.
- मागून टकटक ठिणगीचा आवाज येतो, मग 'चेक'चा लाल दिवा लागतो आणि सगळं शांत.
- पुढच्या पट्टीवर एकही दिवा नाही.
- उलटाच प्रकार: कोथिंबीर गोठून काळी पडते.
- गाडीत नवसागर चुन्यात चोळल्यासारखा, नाकाला झोंबणारा वास येतो, किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसते.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं काही वाचू नका. फ्रिज बंद करा, टाकीचा गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, माणसांना बाहेर काढा आणि थेट शेवटच्या भागाकडे या.

या फ्रिजच्या मागे चूल आहे

दोन मिनिटं हे समजून घ्या, नाहीतर पुढच्या तपासण्या नुसत्या पाठ केल्यासारख्या वाटतील. घरच्या फ्रिजमध्ये मोटर असते. यात हलणारा एकही भाग नाही. बंद नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेला असतो. खाली एका उभ्या नळीला उष्णता मिळते, गॅसच्या ज्योतीची किंवा विजेच्या कांडीची. त्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर जातो, गाडीबाहेरच्या हवेवर गार होऊन पातळ होतो आणि उतारावरून फ्रीजरच्या नळीत उतरतो. तिथे हायड्रोजन असल्यामुळे त्याची पुन्हा वाफ होते आणि होताना आतली उष्णता घेऊन जाते. मग खालच्या टाकीतलं पाणी त्याला परत शोषून घेतं, की फेरा पुन्हा सुरू.

ही रचना १९२२ साली स्टॉकहोमच्या बाल्टझार फोन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढली. आइनस्टाइननेही लिओ झिलार्डबरोबर असाच एक बिनमोटरीचा फ्रिज करून १९३० मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं होतं. ते फारसं कोणाच्या स्वयंपाकघरात पोचलं नाही, स्टॉकहोमवाल्यांचं मात्र आजही आपल्या गाडीत आहे.

सांगायचं एवढंच, की आतला द्रव शेतातल्या पाटाच्या पाण्यासारखा फक्त उतारावर वाहतो. त्याला ढकलणारा कोणी नाही. त्यामुळे या फ्रिजला तीन गोष्टी लागतात: सपाट जमीन, व्यवस्थित उष्णता आणि मागून खेळती हवा. माझ्या बघण्यातले बहुतेक 'बिघडलेले' फ्रिज यापैकी एकीसाठी अडलेले होते.

वेळ दिलाय का, आणि मोजलंय का?

पहिली तपासणी फुकट आहे आणि तीच लोक करत नाहीत. हा फ्रिज सुरू केल्यावर गार व्हायला आठ-दहा तास घेतो, उन्हाळ्यात जास्तच. सकाळी अकराला सुरू करून दुपारी दोनला "चालत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. मी निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळीच विजेवर लावून ठेवतो आणि आत जाणारं सगळं घरच्या फ्रिजमधून गार होऊनच जातं. गरम वरणाचं पातेलं या फ्रिजमध्ये ठेवलं की त्याची रात्र त्या पातेल्यापायीच जाते.

मोजायचं कसं? दार उघडून हाताने अंदाज घेऊ नका. मधल्या कप्प्यात पेलाभर पाणी ठेवा, त्यात साधा थर्मामीटर बुडवा, रात्रभर दार उघडू नका. सकाळी ४० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४.४ सेल्सिअसच्या खाली असेल तर फ्रिज ठीक आहे. हवेचं तापमान दार उघडताच पळतं, पाण्याचं पळत नाही, म्हणून पेला. दूध, पनीर, शिजवलेलं अन्न चाळीसच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं असेल, तर चव घेऊन बघण्याच्या भानगडीत न पडता टाकून द्या.

पाणसळ लावा, पण योग्य जागी

बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली असते: फ्रिजच्या समोर उभं राहिल्यावर डावी-उजवीकडे ३ अंश, पुढे-मागे ६ अंश. फ्रिज दोन फूट रुंद धरला तर ३ अंश म्हणजे दोन बाजूंत सव्वा इंचाचा फरक. डोळ्यांना कळेल न कळेल इतकाच.

इथे एक गोम आहे. बहुतेक गाड्यांत फ्रिजची पाठ बाहेरच्या भिंतीला आणि तोंड मधल्या वाटेकडे असतं. म्हणजे फ्रिजची डावी-उजवी ही गाडीची पुढची-मागची बाजू. गाडीचं नाक वर-खाली असेल तर फ्रिजची कडक मर्यादा आधी ओलांडली जाते. लोक झोपायला त्रास होतो म्हणून गाडी आडवी सपाट करतात आणि नाक थोडं वर असलं तर चालवून घेतात. फ्रिजला नेमकं तेच चालत नाही. म्हणून पाणसळ टेबलावर किंवा डॅशबोर्डवर न लावता फ्रीजरच्या तळावर ठेवा, एकदा आडवी, एकदा उभी. सहा इंची पाणसळ पाच-सात डॉलरला मिळते.

आता माझा किस्सा. आमच्या घरासमोरचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता आहे. डोळ्याला छान दिसतो, पावसाचं पाणी तुंबत नाही. दोन वर्षं मी प्रत्येक सहलीआधी गाडी त्याच उतारावर लावून दोन-दोन दिवस फ्रिज 'आधी गार' करत होतो आणि स्वतःची शिस्त बघून खूश होत होतो. कॅम्पग्राउंडवर गेल्यावर मात्र इमानेइतबारे लाकडी फळ्या चाकांखाली सारायचो. २०१९ च्या जुलैत फ्रीजर गेला. मागच्या नळ्यांचं अख्खं युनिट बदलणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने जुन्या युनिटच्या खालच्या नळीवर, उष्णतेने रंग उडालेल्या जागेवर बोट ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला, "घरी कुठे उभी करतोस?"

होतं असं, की गाडी कललेली असली की द्रव नळीत एका जागी साचतो, परत चुलीपाशी येत नाही. ज्योत मात्र चालूच असते. कोरडी नळी भलतीच तापते आणि गंज लागू नये म्हणून आत घातलेलं सोडियम क्रोमेट घट्ट होऊन वाट अडवतं. हे नुकसान नंतर गाडी सपाट केल्याने भरून निघत नाही, आणि प्रत्येक वेळचं थोडं-थोडं साठत जातं. चालत्या गाडीत ही भीती नाही, हेलकाव्यांनी द्रव हलता राहतो. खरी धास्ती उभ्या गाडीची. आता आमच्या ड्राइव्हवेवर पुढच्या चाकांखाली दोन फळ्या कायमच्या पडलेल्या असतात. बायको त्यांना 'बाराशे डॉलरच्या फळ्या' म्हणते.

दार, बर्फ, गर्दी

हे पटकन उरकण्यासारखं आहे. दारात डॉलरची नोट धरून दार लावा आणि ओढा. नोट सुळकन निघाली तर तिथलं रबर दबून सैल पडलं आहे. चारही बाजूंनी करा, खालचा कोपरा विसरू नका. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसा. सांडलेल्या गुळाच्या पाकाने चिकटून वाकडं झालेलं रबर मी पाहिलं आहे.

आत मागे पांढरे पत्र्याचे पंख असतात, थंडी तिथूनच कप्प्यात उतरते. त्यांच्यावर बर्फाचा थर चढला की तो गोधडीसारखा आड येतो. 'फ्रीजर दगड, खाली कोमट' या तक्रारीचं सगळ्यात साधं कारण हेच. फ्रिज बंद करा, आत गरम पाण्याचं भांडं ठेवा, दार उघडं टाका, तासाभरात सगळं सुटतं. सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडलं तर पुढची सगळी पोस्ट निरुपयोगी.

गर्दीचं म्हणाल, तर आपण मराठी माणसं चार दिवसांच्या सहलीला आठ दिवसांचं जेवण नेतो. डोशाच्या पिठाचा डबा पंखांना टेकवून, त्यावर ठेपल्यांची चळत, असं कोंबलं की हवा फिरायला जागाच राहत नाही. मध्ये दोन बोटं फट ठेवा, आणि बॅटरीवर चालणारा दहा-बारा डॉलरचा छोटा पंखा आत ठेवा. माझ्या गाडीत त्याने वरच्या आणि खालच्या कप्प्यातला फरक बराच कमी झाला.

त्या पंखांवर एका पंखाला चिमट्यासारखी एक बारीक वायर लावलेली असते, तो थर्मिस्टर. पंख किती गार झाले ते तोच वर कळवतो. डबा सरकवताना तो निसटला की फ्रिजला वाटतं अजून गार झालं नाही, तो चालूच राहतो आणि कोथिंबीर गोठते. पुन्हा चिमट्यात बसवा, काम झालं.

आता इंधन बदलून बघा

माझ्या मते ही सगळ्यात कामाची तपासणी आहे आणि हिला एक पैसाही लागत नाही. फ्रिज गॅसवर होता तर विजेवर टाका, विजेवर होता तर गॅसवर. बारा तास द्या.

एकावर गार होतो आणि दुसऱ्यावर होत नाही, याचा अर्थ नळ्यांचं मुख्य युनिट धडधाकट आहे. पैसे वाचले म्हणून समजा. दोष फक्त त्या एका चुलीत आहे. दोन्हींवर होत नसेल तर सपाटपणा, मागची हवा, कंट्रोलचा बोर्ड किंवा खुद्द युनिट. कोणी फोनवर सांगतं, "युनिट गेलंय, नवीन मागवतो," तर मी एवढंच विचारतो, "दुसऱ्या इंधनावर लावून पाहिलंस का?" बहुतेक वेळा पलीकडे शांतता.

तिहेरी, म्हणजे गॅस, वीज आणि गाडीची बॅटरी अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज असेल तर बारा व्होल्टची सोय फक्त गाडी चालू असताना, आतली थंडी टिकवण्यापुरती. उभ्या गाडीत त्यावर ठेवलात तर सकाळी फ्रिजही गरम आणि बॅटरीही मेलेली.

दिवेच लागत नाहीत, किंवा विजेवर चालत नाही

फ्रिज गॅसवर चालवला तरी त्याच्या बोर्डाला बारा व्होल्ट लागतातच. हे माहीत नसल्याने लोक गॅसच्या मागे लागतात. गाडीतला दिवा मंद आहे का बघा, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी साफ करा, फ्यूजच्या पेटीत फ्रिजच्या नावाचा फ्यूज बघा. साधारण साडेदहा व्होल्टच्या खाली बोर्ड लहरीपणा करतो: ठिणगी देतो, झडप उघडत नाही.

विजेच्या बाजूला पहिलं बघायचं ते मागच्या जाळीआडचं प्लगपॉइंट. गाडीच्या हादऱ्यांनी प्लग अर्धा बाहेर आलेला मी दोनदा पाहिला आहे. तिथे मोबाइलचा चार्जर लावून बघा. वीज नसेल तर बाथरूम किंवा स्वयंपाकघरातल्या सॉकेटवरचं 'रीसेट'चं बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत फ्रिजचा पॉइंट त्याच ओळीवर असतो.

मग कॅम्पग्राउंडची वीज. जुलैच्या दुपारी सगळ्यांचे एसी चालू असले की १२० व्होल्टच्या जागी १०५ मिळतात. तेरा टक्क्यांचाच फरक, असं वाटतं. पण कांडीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते; ३२५ वॉटची कांडी तेव्हा २५० च्याच आसपास देते. पाव चूल विझलीच ना? अशा दुपारी फ्रिज गॅसवर टाका आणि एसी चालवायच्या आधी व्होल्टेज बघा.

गॅसवर पेट घेत नाही

आधी स्वयंपाकाची शेगडी पेटवा. टाकी बदलली असेल किंवा गाडी हिवाळाभर उभी असेल तर नळीत हवा भरलेली असते. शेगडीतून ती निघून जाते, फ्रिजच्या, गॅस सोडणाऱ्या बारीकशा जेटमधून निघायला फार वेळ लागतो. तोवर फ्रिज दोन-तीनदा प्रयत्न करून 'चेक' दाखवून थांबतो. शेगडी नीट पेटली की फ्रिज बंद करून पुन्हा चालू करा.

शेगडीची ज्योतही मरगळलेली असेल तर दोष फ्रिजचा नाही. टाकीची कळ झटक्यात उघडली की आतली सुरक्षा झडप आपण गॅस गळतोय असं समजून वाट आवळते. कळ पूर्ण बंद करा, मिनिटभर थांबा, हळूहळू उघडा. मी हा उपाय फोनवरून सांगतो तेव्हा पलीकडच्याला आपली थट्टा चाललीय असं वाटतं, मग पाच मिनिटांनी "पेटला!" असा मेसेज येतो.

उंचीही लक्षात ठेवा. साडेपाच हजार फुटांच्या वर गॅसवर थंडावा कमी होतो आणि ज्योत विझूही शकते, हे पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे सात हजार फुटांवर आहे, यलोस्टोनचं तळं सात हजार सातशेच्या वर. तिथे फ्रिज रुसला तर बिघाड शोधत बसू नका, वीज असलेली जागा घ्या किंवा बर्फाची पेटी जवळ ठेवा. वारा हे दुसरं कारण. साउथ डकोटातल्या बॅडलँड्समध्ये रात्रभर आमचा फ्रिज विझत होता आणि पुन्हा पेटत होता. शेवटी गाडी उलट्या तोंडाने लावली, तेव्हा जाळीची बाजू आडोशाला आली.

मागची हवा: दुपारी ढेपाळणाऱ्या फ्रिजसाठी

खालच्या जाळीतून गार हवा आत, वरच्या झरोक्यातून गरम हवा बाहेर. धुरांड्यासारखं चालतं. ही वाट अडली की वरच्या नळ्या गार होत नाहीत, अमोनिया पातळ होत नाही, आणि दुपारी ९५ अंश फॅरनहाइटच्या उन्हात फ्रिज हात टेकतो. खालची जाळी काढा आणि टॉर्च घेऊन वर बघा. कुंभारमाशीची मातीची घरं, पक्ष्याचं घरटं, वाळकी पानं, कोणीतरी सोडलेला फोमचा बोळा. शिडी भक्कम असेल तरच छतावर चढून वरचा झरोका बघा. सावलीत गाडी लावताना फ्रिजची बाजू सावलीत येईल असं बघा, माणसांची खुर्ची हलवता येते.

वरचा झरोका छतावर नसून भिंतीत असेल, बाहेर सरकणाऱ्या खोलीतल्या फ्रिजांचा असतो तसा, तर मागे बारा व्होल्टचे पंखे असतात. ते फिरतात का ऐका. नसतील तर संगणकातले दोन पंखे बसवता येतात. हे मी केलंय आणि त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

बर्नर: इथून पुढे हात काळे होतात

गॅस टाकीपाशी बंद. फ्रिज बंद. निदान तासभर थंड होऊ द्या. डोळ्यांवर चष्मा.

खालच्या जाळीआड, उभ्या नळीच्या बुडाशी पत्र्याची छोटी पेटी आहे. एक-दोन स्क्रू काढले की आतला बर्नर दिसतो: बोटाएवढी नळी, वर बारीक चिरा. मागच्या वर्षी एका मैत्रिणीच्या गाडीचा उघडला तेव्हा चिरांवर गंजाचे पापुद्रे पडले होते, वेलदोड्याच्या सालींसारखे, आणि एका कोपऱ्यात कोळ्याचं पांढरं जळमट घट्ट विणलेलं. पापुद्रे वरच्या धुरांड्यातून पडतात. ज्योतीला हवा पुरत नाही, ती निळीची पिवळी होते, काजळी धरते आणि उष्णता देत नाही. पिवळी ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साइडही, म्हणून गाडीतला त्याचा अलार्म चालू आहे ना ते आधी बघा.

व्हॅक्यूमने पापुद्रे ओढून घ्या, जुन्या मऊ टूथब्रशने चिरा साफ करा, पुन्हा व्हॅक्यूम. माझ्या हातचे गॅसवाले निम्मे फ्रिज इथेच दुरुस्त झाले. पेटी लावून सुरू करा: ज्योत निळी, स्थिर, आणि हलकासा फुरफुर आवाज यायला हवा.

जेट मात्र वेगळी गोष्ट. तो बर्नरच्या मागचा, सुईच्या टोकाएवढ्या भोकाचा तुकडा. तो काढायचा म्हणजे गॅसचा जोड उघडायचा. टाचणी घालून साफ करू नका, भोक जरा जरी मोठं झालं तरी ज्योत बिघडते. जाणकार तो स्पिरिटमध्ये भिजवून वाळवतात आणि जोड परत बसवल्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघतात. गॅसचा जोड तुम्ही आधी कधी उघडला नसेल तर पहिला प्रयोग जंगलात, मुलं गाडीत झोपलेली असताना करू नका.

मल्टीमीटर असेल तर दोन मोजमापं

विजेवर चालत नाही आणि प्लगपॉइंटला वीज आहे, तर कांडी मोजा. प्लग काढा, कांडीच्या दोन्ही वायरी बोर्डावरून सोडवा, ओहम बघा. ३०० वॉटच्या कांडीला १२० व्होल्टवर ४८ ओहम यायला हवेत. तुमच्या कांडीवरचे वॉट घेऊन १४,४०० ला भागा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कांडी जळली. तीस-चाळीस डॉलरचा भाग आहे.

थर्मिस्टर बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून मोजा. बऱ्याच मॉडेलांत सात ते दहा हजार ओहम येतात, नेमका आकडा पुस्तिकेत बघा. फार वेगळा आला तर तो बदला. बोर्ड मी कधीच अंदाजाने बदलत नाही. लोक घाबरून तोच पहिला मागवतात आणि दोनशे डॉलर घालवून बर्नरमधलं जळमट जागच्या जागी ठेवतात.

इथे थांबा

अमोनियाचा वास किंवा नळ्यांवर पिवळी पूड म्हणजे युनिट फुटलं आहे. आतला हायड्रोजन पेट घेणारा वायू आहे. तो फ्रिज कुठल्याही इंधनावर पुन्हा सुरू करायचा नाही, "घरी पोचेपर्यंत तरी" असंही नाही.

गॅसचा वास येत असेल तर टाकी बंद करून बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा. गॅसचा दाब तपासायचा असेल, तो ११ इंच पाण्याइतका असावा लागतो, तर त्याला मॅनोमीटर आणि माहीतगार हात लागतो. रेग्युलेटर स्वतः फिरवू नका. साफ केल्यावरही ज्योत पिवळीच राहिली, तर गॅसवर चालवणं बंद.

गाडी सपाट आहे, हवा मोकळी आहे, दोन्ही इंधनांवर चोवीस तास दिले, मागची चुलीची नळी सणसणीत तापते आणि आत पेल्यातलं पाणी खोलीइतकंच कोमट, तर युनिट अडलं आहे. फ्रिज काढून उलटा ठेवला की सुरू होतो असं सांगणारे भेटतील. एका मित्राने ते केलं. तीन आठवडे चालला, मग त्याने तो पुन्हा उचलून बाहेर काढला, या वेळी कमरेचा पट्टा बांधून. माझं युनिट मी उत्तर इंडियानात बदलून घेतलं. तिथल्या एल्कहार्टच्या परिसरात आरव्ही बनवण्याचा मोठा धंदा आहे, आणि आसपासच्या आमिश (बाहेरची वीज घरात न घेणारा ख्रिस्ती पंथ) वस्त्यांत बऱ्याच घरी विजेशिवाय गॅसचे फ्रिज वापरतात, त्यामुळे हे काम जाणणारे हात तिथे सापडतात.

जुना फ्रिज असेल तर त्याचा मॉडेल आणि सिरियल नंबर एनएचटीएसए या वाहनसुरक्षा खात्याच्या रिकॉलच्या, म्हणजे दोषामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या मालाच्या, यादीत तपासा. २००६ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये आगीच्या धोक्यामुळे अशा फ्रिजांची मोठी रिकॉल निघाली होती, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला आधीच्या मालकाने ते काम करून घेतलं की नाही हे कळत नाही. पेट्रोल भरायच्या आधी फ्रिजचा गॅस बंद करायचा, हे ज्यांना वाटतं की सांगायची गरज नाही, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय.

कारागिराला फोन करण्याआधी फ्रिजच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. मॉडेल, सिरियल, वॉट सगळं त्यावर असतं. आणि त्याला "थंड होत नाही" असं न सांगता असं सांगा: विजेवर बारा तासांनी पेल्यातलं पाणी इतकं, गॅसवर इतकं, ज्योतीचा रंग हा, गाडी सपाट. मी असं सांगितलं तेव्हा पलीकडून आधी "तुम्ही हेच काम करता का?" असं विचारलं गेलं आणि बघायला येण्याचे शंभर डॉलर वाचले.